उलटा दगड

ईस्टरआधीच्या उपासाचा पहिला आठवडा, मंगळवार

छपराच्या गळतीनं स्तोत्रांच्या पोथीची नऊ पानं वाया गेली. खरवडून पाहिली, पण त्यांच्यावर पुन्हा देवाचे शब्द लिहावेत अशी ती राहिली नाहीत. टाकवतही नाहीत, कारण दोन दोन पानांमागे एकेक वासरू गेलंय. माझा गुरू म्हणायचा, 'फिर्मिन, पापाची कबुली द्यायला माणूस मिळाला नाही तर कातड्याला सांग.' इथून सगळ्यांत जवळचा दुसरा पाद्री दोन दिवसांच्या चालीवर राहतो आणि माझे गुडघे देवळाच्या दारापर्यंत जातानाच कुरकुरतात. तेव्हा मी कातड्यालाच सांगणार आहे.

आज रिगेना आली. डोक्यावरून पावसाचं पाणी निथळत होतं. चुलीपाशी बस म्हटलं तर बसली नाही. तिला मग्लानच्या थडग्यावर दगड उभा करायचाय. मग्लान म्हणजे तिचा नवरा. गेल्या शरदात गुरं आणायला कातडी होडीतून आयर्लंडच्या किनाऱ्याला निघाला, वादळात सापडला. पुढे आठ दिवसांनी प्रेत सीलांच्या खाडीत लागलं आणि तिनं ते नदीच्या उताराजवळ, जिथून लोक पायी नदी ओलांडतात तिथं, आपल्या शेताच्या बांधावर पुरलं. मी तेव्हा तापानं पडलो होतो, मातीला जाऊ शकलो नाही.

"बाबा, दीर म्हणतो शेत त्याचं," ती म्हणाली. "ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी राजाची सभा आहे. त्याच्या आत दगड उभा राहिला नाही तर तीन लेकरं घेऊन मी कुठं जाऊ?"

आमच्याकडे रीतच तशी आहे. ज्याचा मेलेला माणूस बांधावर झोपलाय, शेत त्याच्या लेकरांचं. आणि तो तिथं झोपलाय याला साक्षीदार एकच, लॅटिन अक्षरांचा दगड. रोमन लोक निघून गेल्याला शंभरावर वर्षं झाली, त्यांच्या सडकेचे दगड काढून लोकांनी गोठे बांधले. पण मेल्यावर मात्र इथं प्रत्येकाला रोमन व्हायचं असतं. लिहिणारा मी एकटा.

तिथल्या तिथे पाटीवर कोळशानं लिहून दिलं, 'मग्लान, व्होरेतचा मुलगा, इथे विसावला आहे.' बावीस वर्षांत अशा एकोणीस पाट्या लिहिल्या. आता माणसाचं नाव ऐकलं की ते दगडावर किती जागा खाईल तेच आधी मनात येतं. शीण आलाय या कामाचा.

गुरुवार

मेलोक पाथरवटानं ओढ्यातला दगड निवडला. चार बैल लावून ओढत आणला. माणसापेक्षा हातभर उंच, एका टोकाला रुंद आणि गुळगुळीत, दुसऱ्या टोकाला अरुंद आणि ओबडधोबड. मेलोकला वाचता येत नाही. मी काढून देतो, तो तसंच्या तसं कोरतो. एकोणीसच्या एकोणीस दगड त्यानंच कोरले.

"तुझी अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय," आज म्हणाला. "माझ्या आजोबाच्या रेघा बघ. दगडाच्या कडेवर एक, दोन, तीन. आंधळ्यालाही हातानं वाचता येतात."

"तुझा आजोबा आयरिश. त्याला तेवढंच जमायचं."

"आणि तुझा आजोबा?"

"माझ्या आजोबाचं मला नावही माहीत नाही. मला गुरूनं सडकेवरून उचललं."

त्यावर तो दगडावरची माती झटकू लागला. खरं तेच मी सांगितलं. माझं इथं कुणी नाही, आणि या वयात त्याचं दुःखही होत नाही.

दुसरा आठवडा, शनिवार

फार वाईट दिवस.

थडग्यावर पाणी शिंपडून प्रार्थना म्हणावी म्हणून उताराजवळ गेलो. रिगेना सोबत आली. मातीचा उंचवटा पाहिला आणि सहज विचारलं, "खाडीपासून इथपर्यंत आणला कुणी? उचलायला कोण होतं?" दुसरं काही मनात नव्हतं. मीही कधीतरी असाच उचलला जाणार, म्हणून उचलणाऱ्यांची चौकशी करायची सवय लागलीय, एवढंच.

ती नदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कुणी नाही."

"म्हणजे तू एकटीनं?"

"बाबा, आत तो नाहीये. त्याचा झगा आहे. आणि प्यायचं शिंग."

मी तिथंच बांधावर खाली बसलो. तीही बसली.

"चाळीस दिवस खाडीत जाऊन बघत होते," ती म्हणाली. "रोज. सील यायचे, लाकडं यायची. तो आला नाही. मग माझ्या दिरानं, एतर्ननं, बांधावर गुरं घातली आणि म्हणाला, तुझा नवरा इथं कुठंय दाखव. मी काय दाखवू? झगा पुरला."

"अगं, मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पाटी लिहून दिली असती?"

नसती दिली. तिलाही ते ठाऊक होतं.

घरी आलो तो ओला होऊन. सुकवलेल्या हेरिंग मासळीचा तुकडा भाजला, खाववला नाही, मांजरीला घातला. खोकला येतोय. या दगडी खोलीची ओल अशीच, दर वसंतात छातीत बसते.

रविवार

रिगेनाला सांगितलं, 'इथे विसावला आहे' हे मी लिहिणार नाही. 'मग्लानच्या स्मरणार्थ' असं लिहून देतो, तेही लॅटिनच.

"स्मरण राजाला दाखवू?" ती म्हणाली. "आठवणीवर शेत राहतं होय, बाबा?"

"रिकाम्या खड्ड्यावर मी माणूस झोपवू शकत नाही."

"तुम्हाला काय, तुम्हाला शेत नाही, लेकरं नाहीत."

बोलून गेली आणि तिनं ओठ चावला. मी रागावलो नाही, कारण खोटं काहीच बोलली नव्हती. जाताना दाराशी झाकलेलं भांडं ठेवून गेली. दूध होतं, मध घातलेलं. उपासात दूध! बहुधा देवळाच्या मांजरीसाठी असेल. मांजरीनं अर्धं सोडलं, ते मी प्यालो. हेही पाप इथं नोंदवून ठेवतो.

तिसरा आठवडा, सोमवार

एतर्न आला. मग्लानचा धाकटा भाऊ. धिप्पाड गडी, दारातून वाकून आत यावं लागतं. वर बघितलं, गळकं छप्पर पाहून जीभ टाळ्याला लावून चुकचुकला.

"पाद्रीबाबा, या छपराखाली बेडूकसुद्धा राहणार नाही. माझी माणसं पाठवतो, नवा पेंढा घालून देतील. एक दुभती गायही देतो. तुम्ही फक्त दगड लिहायचा नाही."

"मी लिहितो की नाही ते गाईवर ठरत नाही."

"मग कशावर ठरतं? ती बाई खोटं बोलते. माझ्या भावाला वाहून आणलेलं कुणी बघितलं नाही. एका माणसानं नाही!" त्याचा आवाज चढला आणि एकदम बसला. "तो तिथं असता तर मी स्वतः खांद्यावरून दगड आणला असता. बाबा, लहानपणी मी नदीत पडलो तेव्हा त्यानंच मला केसाला धरून बाहेर काढलं. मला त्याचं थडगं नको असेल होय? पण झाकलेली माती बघून मी रडू कसा?"

आणि एवढा मोठा माणूस माझ्या गळक्या छपराखाली हुंदके देऊन रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला खरं ठाऊक आहे, तो विचारतोय तेच ठाऊक आहे, आणि मी गप्प. रिगेनाचं बोलणं कबुलीतलं, ते फोडता येत नाही. पण मला हायसं वाटलं की फोडता येत नाही, आणि हे मात्र बरं नव्हे.

शेताचं म्हणाल तर त्याला हवंच आहे. रडणं खरं आणि शेतावरचा डोळाही खरा.

चौथा आठवडा, बुधवार

राजाचा कारभारी घोड्यावरून आला आणि देवळासमोर निवाडा सांगून गेला. ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारच्या आत दगड उभा राहिला, त्यावर पाद्रीची अक्षरं असली, तर वर्षभर शेत रिगेनाच्या लेकरांकडे. वर्ष आणि एक दिवस झाला की सगळ्यांसमोर थडगं उघडायचं. त्याआधी उघडायचं नाही, मांस मातीला मिळेपर्यंत मेलेल्याला हात लावणं हे पाप. हाडं निघाली तर शेत कायमचं त्यांचं. नाही निघाली तर एतर्नचं, आणि खोटा दगड उभारला म्हणून ती लेकरांसह राज्याबाहेर.

एतर्न समाधानानं मान हलवत होता. रिगेनाकडे मी बघितलंच नाही.

शुक्रवार

मेलोककडे गेलो, म्हटलं, थांब, पाटी परत दे, काही कोरू नकोस. त्यानं तर अर्ध्यावर काम आणलं होतं! रिगेनानं सांगितलं म्हणे. आणि केलंय काय, तर दगड आडवा टाकून ओबडधोबड, अरुंद टोकाकडून सुरुवात. जे टोक खड्ड्यात जायचं, 'मग्लान' तिथूनच सुरू!

"अरे शहाण्या, हे पायाकडचं टोक!"

"मग? पायापासूनच वर चढायचं ना?"

"चढतात तुझ्या आजोबाच्या रेघा! आपली अक्षरं डोक्यापासून खाली उतरतात. एकोणीस दगड कोरलेस, एवढं कळू नये?"

"एकोणीस वेळा तू डोक्याकडे कोळशाची खूण करून दिलीस. या वेळी तू आलासच नाहीस."

खरंच गेलो नव्हतो. रुसून घरी बसलो होतो.

काम थांबवायला आलो होतो ते विसरूनच मी म्हटलं, आता एकच उपाय. दगड उलटा उभा करायचा. ओबडधोबड टोक वर, आणि तो छान गुळगुळीत रुंद भाग, ज्यासाठी हा दगड निवडला, तो कंबरभर मातीत. मेलोक त्या भागावरून हात फिरवत म्हणाला, "वाया गेला." पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरलेला पाहिला.

मग मी मूर्खासारखं विचारलं, "मेलोक, तू कोरलेल्या दगडांखाली सगळी माणसं आहेत ना?"

"मी दगड उभे करतो. खाली कधी बघत नाही. ते काम तुझं."

रविवार

प्रार्थनेत खोकला आला आणि बाहीवर रक्त. लोकांनी पाहिलं नसावं. रिगेनानं पाहिलं.

पाचवा आठवडा, मंगळवार

आज दिवसभर अंथरुणात. पाऊस. छपराच्या तीन ठिकाणांहून थेंब पडतात, तिन्हीखाली भांडी आहेत. ती कुणी ठेवली ते आठवत नाही.

माझा गुरू असाच गेला होता. बाहीवर रक्त पहिल्यांदा दिसल्यापासून सात आठवडे. मी त्याच्याएवढा धडधाकट नाही. फार भीती वाटत नाही, खरंच. मला फक्त आडवं व्हायचंय, आणि कुणी पुन्हा उठवू नये.

थेंब मोजता मोजता एक विचार आला. आधी मी तो हाकलला. दुपारपर्यंत तो तिथंच उभा. थडगं रिकामं आहे, आणि मला लवकरच एक लागणार आहे.

देवा, हे पाप आहे का? दगडावरचं नाव खोटं असेल. पण 'इथे विसावला आहे' हे तरी खरं होईल. तिथं कुणीतरी खरोखर विसावलेला असेल. अर्ध्या वाक्याचा जाब मी वर येऊन देईन. आजवर मी लोकांच्या थडग्यांवर 'सज्जन', 'गोरगरिबांचा कैवारी' असलं बरंच लिहिलंय. त्यांच्यापुढे हे अर्धं वाक्य काहीच नाही.

आणि एतर्न? तो वर्षभरानं माझ्या हाडांवर रडेल.

गुरुवार

दोघांना बोलावलं. रिकाम्या थडग्याचं मेलोकला रिगेनानंच सांगितलं, पुढचा बेत मी. मेलोक दाराला टेकून उभा, रिगेना चुलीपाशी.

रिगेना किंचाळलीच. "नाही! बाबा, नाही! तुम्हाला तुमचं थडगं नको?"

"माझ्या थडग्यावर येणार कोण?"

"आणि तुमचं नाव?"

"दगड लिहिणाऱ्याचं नाव कुणी दगडावर लिहितं का? गुरूच्या थडग्यावरही मी नुसता क्रूस ठेवला. तू रडू नकोस. ओल्या लाकडाचा धूर आधीच पुष्कळ आहे."

तरी ती रडली. हुंदके आवरेनात तेव्हा उठली आणि माझ्या तिन्ही भांड्यांतलं पाणी बाहेर ओतून ती पुन्हा जागच्या जागी ठेवून आली.

मेलोकनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "उंची जमते," तो म्हणाला. "मग्लान तुझ्यापेक्षा बोटभर उंच. पण त्याच्या तोंडात सगळे दात होते. तुझ्या?"

"सात."

"सात! एतर्न कवटी बघणार, मग?"

"बुडताना खडकावर आपटला म्हणायचं."

"पंचवीस दात आपटले?"

मी हसायला गेलो आणि खोकत सुटलो. बराच वेळ. थांबलो तेव्हा मेलोकनं मला पाठीमागून धरलं होतं आणि रिगेना पाणी घेऊन उभी होती. मेलोक म्हणाला, "तोंड दगडाच्या बाजूला करून ठेवू. दगड बसवताना माती दाबावी लागते. त्यात जबडा राहणार नाही. रागावू नकोस."

मी म्हटलं, मेल्यावर रागावायची ताकद नसेल, तुला काय करायचं ते कर.

झावळ्यांचा रविवार

इथं झावळ्या कुठल्या, आम्ही विलोच्या फांद्या धरतो. प्रार्थनेनंतर सांगितलं, ईस्टर झाला की मी संतांच्या बेटावर जाणार. म्हातारे पाद्री मरायला तिथं जातात, परत कुणी येत नाही, आणि कुणी शोधायलाही जात नाही. मेलोक होडीनं सोडणार. लोकांना पटलं. बायका रडल्या. मला वाटलं होतं, नवा पाद्री कधी येणार तेवढं विचारतील.

एका म्हातारीनं जाडजूड मोजे दिले, बेटावर वारा फार म्हणून. मी घेतले. फसवणुकीचे मोजे ऊबदार आहेत.

पवित्र शुक्रवार

गुडघे टेकता आले नाहीत. उभ्यानंच प्रार्थना केली. तेवढीच.

ईस्टरनंतरचा मंगळवार

निघालो. होडीपर्यंत गुडघाभर पाण्यातून जावं लागतं. मी काठावर उभा राहून पाण्याकडे बघत होतो, तेवढ्यात एतर्न आला. माझ्यासमोर पाठ वाकवली.

"बसा, पाद्रीबाबा."

"अरे, नको."

"बसा हो. माझा भाऊ असता तर त्यानं नेलं असतं. आता मीच उरलोय."

बसलो त्याच्या पाठीवर. पाण्यात शिरताना म्हणाला, "बाबा, तुम्ही तर काटकी झालात. बेटावर पोहोचलात की मग्लानसाठी प्रार्थना करा. तो थडग्यात असो की समुद्रात. शेताचं भांडण वेगळं."

"करीन," मी म्हटलं. कान त्याच्या खांद्यावर होता, आणि त्याचा श्वास ऐकू येत होता. बोलून टाकावं असं इतकं वाटलं! एतर्न, तुझा भाऊ समुद्रातच आहे, आणि त्याच्या जागी मी झोपणार आहे. रिगेना काठावर तीन लेकरं घेऊन उभी होती. धाकटं तिच्या झग्यात तोंड खुपसून. तिच्याकडे बघून गप्प राहिलो.

त्यानं मला होडीत ठेवलं, अगदी हळू, अंड्यांची टोपली ठेवावी तसं. झग्याची टोकं पाण्यातून उचलून माझ्या मांडीवर घातली. या माणसाला मी फसवलं. हे पाप सगळ्यांत वर लिहून ठेवतो, बाकीची त्याच्याखाली.

मेलोकनं टेकाडाला वळसा घातला आणि पुढच्या खाडीत होडी लावली. तिथं बैलगाडी होती. आता मी त्याच्या पाथरवटखान्यात, दगडाच्या चुऱ्याशेजारी गवताच्या अंथरुणावर पडलोय. समोर मग्लानचा दगड आडवा. अक्षरं पूर्ण झाली आहेत. जरा वाकडी आहेत, पण वाचता येतात.

गुरुवार

रिगेना दिवसातून दोनदा येते. रांधलेल्या ओटची पेज आणते, तोंड पुसते, पायांना म्हातारीचे मोजे घालते. मी तिला म्हटलं, तू एवढं करायची गरज नाही, मी काही पळून जात नाही. दगड उभा राहील, शेत राहील. ती म्हणाली, "मी शेतासाठी येते असं वाटतं तुम्हाला?" मी म्हटलं, मग कशासाठी? ती उठून बाहेर गेली. फार चिडकी झालीय बिचारी, काळजीनं होतं असं.

दुपारी मेलोकनं एक विचित्र गोष्ट विचारली.

"तुझं नाव कसं दिसतं?"

"दिसतं म्हणजे?"

"कोंबडीच्या पायांत. काढून दाखव."

पाटीवर काढलं, लॅटिन शेपटीसकट, फिर्मिनुस. शेवटचं अक्षर जरा लांबलं. त्यानं बोटानं मोजलं.

"आठ? एवढंसं माणूस, नाव मात्र ऐसपैस."

"तुला कशाला हवंय?"

"इतकी वर्षं तुझं ऐकतोय, तुझं नाव कसं असतं ते बघितलं नव्हतं. बास." आणि पाटी घेऊन गेला. म्हातारपणी वाचायला शिकायची हौस आली असेल. आधी सुचलं असतं तर शिकवलं असतं.

शुक्रवार

हे शेवटचं पान. नऊही संपली. रिगेनाला सांगितलंय, चुलीत घाल. ती हो म्हणाली, पण तिनं आधीची आठ पानं नीट गुंडाळून कमरेला बांधलेली मी पाहिली. तिला वाचता येत नाही, काय करणार आहे कोण जाणे.

श्वास आता अर्ध्यावरच परततो. दुखत नाही. ऊन आलंय, दारातून थेट दगडावर पडतं.

मेलोक सकाळपासून दगडाच्या खालच्या भागाशी बसलाय. तोच गुळगुळीत रुंद भाग, जो कंबरभर मातीत जाणार. आधी वाळूनं घासत होता. म्हटलं, मेलोक, वेड लागलं का? मातीत जाणाऱ्या भागाला कुणी घासतं? परवा सभा आहे, दगड कधी उभा करणार? तर म्हणतो, "तू गप पड."

आता छिन्नी लावलीय. पाठ माझ्याकडे आहे, म्हणून काय करतोय ते दिसत नाही. ठोकतो, मग शेजारी ठेवलेल्या पाटीकडे बघतो, पुन्हा ठोकतो. मोठमोठे टवके उडताहेत, म्हणजे खोल कोरतोय. रिगेना त्याच्या बाजूला उभी आहे, दोन्ही हातांनी पाटी धरून. मधूनच मेलोक नाक ओढतो. दगडाची धूळ फार वाईट, त्याला कितीदा सांगितलं की तोंडाला फडकं बांध.

माझं इथं कुणी नाही हे बरंच झालं. नाहीतर आज त्यांना निरोप देत बसावं लागलं असतं, आणि मला आता बोलवत नाही.

तो पुन्हा थांबला. मोजतोय मी, पडल्या पडल्या दुसरं काय करणार. आठ वेळा थांबला. जरा वेळानं उठून त्याला बजावलं पाहिजे, असल्या नको त्या कामात वेळ घालवू नकोस, ते तिथं कधी कुणाला दिसणार आहे?

पान संपत आलं. आडवा होतो.